दोन हजारांच्या आतला कानसेन

महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गात गेल्या दहा-बारा वर्षांत जे नवे पारखी उदयाला आले, त्यांत स्वस्त इअरफोनच्या परीक्षकाचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. कारण हा गृहस्थ दिसायला साधा, पगाराने बेताचा आणि मतांनी मात्र अत्यंत सधन असतो. लाखभर रुपयांचे स्पीकर दिवाणखान्यात मांडून पाहुण्याला ठरावीक खुर्चीतच बसायला लावणारा जो जुना हाय-फाय शौकीन, त्याच्याशी याचे नाते दूरचे असून दोघेही ते फारसे सांगत नाहीत. याची सारी साधना दोन हजार रुपयांच्या आत चालते आणि ही मर्यादा ओढगस्तीतून आलेली नसते, तर तत्त्वाने पाळलेली असते: १,९९९ रुपयांचा इअरफोन हा त्याच्या लेखी शोध असतो आणि २,००१ रुपयांचा ही उधळपट्टी. अशा शोधांचे बरेच नमुने त्याच्या टेबलाच्या खणात वायरींच्या गुंत्यासह पडून असतात. त्या सर्वांच्या किमतीत एक खरोखर उत्तम इअरफोन आला असता, हा हिशेब घरातल्या एका व्यक्तीने केव्हाच केलेला असतो आणि ती व्यक्ती तो योग्य प्रसंगासाठी राखून ठेवते.

ज्या वस्तूची तो परीक्षा करतो तिला त्याच्या परिभाषेत ‘आयईएम’, म्हणजे इन-इअर मॉनिटर, असे म्हणतात. मंचावरच्या गोंगाटात गायक-वादकांना स्वतःचे गाणे-वाजवणे नीट ऐकू यावे म्हणून कानाच्या नळीत घट्ट बसणारी ही साधने प्रचारात आली. १९९५ मध्ये जेरी हार्वी या अमेरिकी ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलेन या रॉक बँडसाठी असे मॉनिटर घडवले आणि त्यातूनच पुढे एक मोठा धंदा उभा राहिला. शेन्झेनच्या कारखान्यांनी तेच रूप हजार-दीड हजारांत आणून दिले, तेव्हा सोसायटीच्या गणेशोत्सवातही माइक हातात घ्यायचे टाळणाऱ्या माणसाच्या कानामागून मॉनिटरची वायर दिमाखात वळसा घेऊ लागली.

परीक्षेचा पहिला आणि सर्वांत लांबणारा भाग फिटिंगचा. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, ती सरळ नसते, गोल नसते आणि एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या कानांतही सारखी नसते. या तीन ‘नसते’ मुळे परीक्षकाच्या आयुष्याला अर्थ प्राप्त झालेला आहे. इअरफोनच्या तोंडावर बसवायच्या रबरी टिपा लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांत डब्यातच येतात, आणि तिन्ही आपल्याला बसत नाहीत अशी त्याची खात्री डबा उघडण्यापूर्वीच झालेली असते. टीप आणि कानाची कातडी यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खालचे सूर निसटतात, कारण इअरफोनचा चिमुकला पडदा खर्जाचा दाब निर्माण करू शकतो तो केवळ बंदिस्त हवेच्या इवल्याशा कप्प्यात. कप्पा फुटला की डग्गा गेला. हा कप्पा बंदिस्त राहणे यालाच ‘सील’ म्हणतात. सील झाले की नाही हे पाहण्यासाठी परीक्षक मान डावी-उजवीकडे झटकतो, जांभई देतो, आ वासतो आणि शेवटी वाटीभर पातळ पोह्यांचा चिवडा खातो. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार किंचित बदलतो, हे शास्त्रशुद्ध असल्यामुळे या चिवड्याची नोंद घरात नाश्त्यात न होता प्रयोगात होते. चिवड्याचा आवाज त्याला आपल्याच कवटीत रोडरोलर फिरल्यागत ऐकू येतो, याचेही कारण त्याच्याकडे तयार असते: हाडांतून येणारी कंपने एरवी कानाच्या उघड्या तोंडातून बाहेर पडतात, ती बूच बसल्याने आतच घुमत राहतात. वायर शर्टाच्या कॉलरला घासली की होणारी खरखर ही आणखी वेगळी. ती कमी व्हावी म्हणून वायर कानावरून मागे घ्यायची असते, आणि चष्मा लावणाऱ्या परीक्षकाला आधी चष्मा की आधी वायर हा प्रश्न रोज नव्याने पडतो.

आता यातली गोम अशी की, ध्वनीविषयीचे जे निवाडे तो पुढे अत्यंत गांभीर्याने देणार असतो, त्यांतल्या पुष्कळांचा निकाल या चिमूटभर रबराने आधीच लावलेला असतो. हे त्याला ठाऊक नसते असे नाही. तोच इतरांना ते सांगत असतो. परंतु हे सत्य पूर्णपणे स्वीकारले तर खणातल्या जुन्याच इअरफोनला नव्या टिपा लावून शोधाची सांगता करावी लागेल, आणि तेवढ्यासाठी कोणी शोधाला निघत नाही. म्हणून तो मधला मार्ग काढतो: नव्या इअरफोनबरोबर तो वेगळ्या टिपाही मागवतो, त्यांत चिमटीत दाबून कानात सोडल्यावर हळूहळू फुगणाऱ्या फोमच्या टिपाही येतात, आणि त्यांची किंमत इअरफोनच्या निम्म्यावर गेली तरी ती दोन हजारांच्या मर्यादेत धरली जात नाही, कारण टिपा हे ‘वेगळे खाते’ असते.

बांधणीची परीक्षा त्या मानाने लवकर आटोपते. बाजारात कलिंगड टिचकी मारून घेणाऱ्या गिऱ्हाईकाप्रमाणे तो इअरफोनच्या कवचावर नखाने टकटक करतो, धातू असल्यास ‘सॉलिड’ म्हणतो, प्लॅस्टिक असल्यास ‘हलका आहे, बरा पडेल’ म्हणतो, आणि दोन्ही वेळा समाधान सारखेच असते. वायर कवचापासून सुटी होते की नाही याला मात्र तो फार महत्त्व देतो. ०.७८ मिलिमीटर जाडीच्या दोन बारीक पिनांचा सांधा या वर्गात रूढ असून वायर तुटली तर तेवढीच बदलता येते, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे. वायर तुटण्याइतका काळ कोणताही इअरफोन त्याच्या कानात राहत नाही, ही गोष्ट वेगळी. पारदर्शक वेष्टनाच्या वायरीतले तांबे मुंबई-कोकणाच्या दमट हवेत आणि घामात हिरवे पडू लागते, तेव्हा तो त्या हिरवेपणाचाही आवाजावर काय परिणाम होतो हे ऐकून पाहतो.

मग रात्री अकरा वाजता, घर झोपल्यावर आणि मे महिना असला तरी पंखा बंद करून, प्रत्यक्ष श्रवणाला प्रारंभ होतो. येथे एक न्याय त्याला दिलाच पाहिजे. इंग्रजी पाठ्यक्रमातली ठरावीक गिटारची गाणी वाजवून झाली की, आपल्याकडचा परीक्षक तानपुऱ्याकडे वळतो, आणि ही निवड उत्तम आहे. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीच्या किंचित गोलाईवर तार हलके घासत राहिल्याने निघणारी ती झंकारयुक्त नाद-रचना, मूळ सुराच्या वर उपस्वरांचे थरच्या थर उभे करते. इअरफोनमध्ये मधल्या किंवा वरच्या पट्टीत कुठे खड्डा अथवा उंचवटा असेल तर एखादा थर गायब होतो किंवा एकटाच टोचू लागतो. त्याचप्रमाणे डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड फुगवलेल्या बासच्या इअरफोनमध्ये गायकाच्या आवाजावर चढून बसते. इतक्या थोड्या खर्चात इतकी नेमकी कसोटी शोधणाऱ्या माणसाला या एका बाबतीत हसता येत नाही. हसू येते ते पुढे, जेव्हा तो उत्साहाच्या भरात बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतो आणि ‘वरची हवा कमी आहे’ असा शेरा मारतो. १९२५ च्या सुमारास विद्युत-ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी कर्ण्यासमोर गाऊन उमटवलेल्या तबकड्यांवर वरच्या पट्टीतले फारसे काही उतरतच नसे. तेव्हा जी हवा तबकडीतच शिरली नाही, तिचा दोष दीड हजारांच्या इअरफोनच्या माथी जातो.

या ‘हवे’चा प्रश्न वयाशीही निगडित आहे. माणसाचे श्रवण तरुणपणी सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात चालते आणि वय वाढते तसे वरचे टोक खाली येत जाते. चाळिशी ओलांडलेला परीक्षक डब्यावरचे ‘४० किलोहर्ट्झपर्यंत’ हे शब्द वाचून सुखावतो, तेव्हा त्या आकड्याचा लाभ घेऊ शकणारा एकमेव सदस्य, म्हणजे घरचा कुत्रा, त्याच्या पायाशी झोपलेला असतो. इअरफोन कोणत्या पट्टीत किती मोठा वाजतो ते दाखवणाऱ्या आलेखांचेही असेच. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन या कंपनीत श्रोत्यांच्या पसंतीवर संशोधन करून एक लक्ष्य-रेषा मांडली. बहुसंख्य श्रोत्यांना साधारण कोणता स्वर-समतोल आवडतो, ते ती दाखवते. बहुसंख्यांची आवड म्हणून मांडलेली ही रेषा परीक्षकाच्या हाती येईपर्यंत धर्मशास्त्र होते आणि तिच्यापासून दोन डेसिबलने ढळलेला इअरफोन पतित ठरतो. उलटपक्षी, दोन इअरफोनांची तुलना करताना त्यांचा मोठेपणा सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच अधिक स्पष्ट आणि भरदार भासतो, हा साधा नियम पाळण्याचा त्याला कंटाळा असतो. परिणामी ज्या इअरफोनची संवेदनशीलता जास्त, म्हणजे तेवढ्याच विजेत जो मोठा वाजतो, तो जिंकतो.

तरीही निकाल मनासारखा लागला नाही तर ‘बर्न-इन’ हा उपाय राहतो. नवा पडदा शंभरेक तास वाजवून मोकळा करावा लागतो, या श्रद्धेपोटी इअरफोन रात्रभर खणात गोंगाट करत ठेवला जातो. त्या काळात पडद्यापेक्षा ऐकणाराच अधिक रुळतो, असे जाणकार म्हणतात. परीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, बर्न-इनचा काळ वस्तू परत करण्याच्या मुदतीपेक्षा नेहमी थोडा जास्त भरतो.

या वर्गातल्या बहुतेकांच्या कारकिर्दीत ‘चॅनल इम्बॅलन्स’चे एक पर्व येते. डावी बाजू किंचित दबलेली वाटू लागते. दोष निर्मात्याचा ठरवून नग परत जातो, दुसरा येतो, त्याचीही डावी बाजूच दबलेली निघते आणि ‘यांची सगळी बॅचच तशी आहे’ असे विधान होते. इअरफोन उलटे, म्हणजे डावा उजव्या कानात, घालून पाहिले तर दोष यंत्राचा की कानाचा ते क्षणात कळते, पण हा प्रयोग सुचतो तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना. ते दुर्बिणीतून पाहतात, डाव्या कानातला मळ काढतात आणि या सेवेचे जे शुल्क घेतात ते दोन हजारांच्या आत असते. त्या रात्री परीक्षकाला खणातले सगळेच इअरफोन अप्रतिम वाटतात आणि दुसऱ्या दिवशी तो सर्वांची फेरपरीक्षा सुरू करतो.

इतकी तयारी झालेल्या माणसाला सल्ला विचारला जाणे स्वाभाविकच आहे. ‘काका, हजारात कुठला घेऊ?’ असे भाच्याने फोनवर विचारले की काका आधी त्याच्या कानाच्या नळीविषयी चौकशी करतात, मग तो काय ऐकतो ते विचारतात आणि उत्तर ऐकून थोडा वेळ गप्प राहतात. भाचा ऐकणार असतो डोंबिवलीहून निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये, जिथे चाकांची घरघर खालचे सूर गिळून टाकते आणि रात्री पंखा बंद करून ‘बास अंमळ जास्त’ म्हणून नापास केलेला इअरफोनच नेमका समतोल वाजू शकतो. काका मात्र आपल्या खोलीतला निवाडा जसाच्या तसा भाच्याच्या गाडीत पाठवतात. भाचा ‘बरं’ म्हणतो आणि दादरच्या पुलाखालून दीडशे रुपयांचा घेतो. तो त्याच्या कानात चपखल बसतो, आणि ही बातमी काकांपासून वर्षभर लपवली जाते.

परीक्षकाच्या वहीत प्रत्येक इअरफोनसाठी शेवटचा रकाना असतो तो ‘आयसोलेशन’चा, म्हणजे बाहेरचा आवाज किती अडतो याचा. हा एकच रकाना असा की ज्याची तपासणी संपूर्ण कुटुंब मिळून, स्वखुशीने नसले तरी, नियमित करत असते, आणि त्यातल्या नोंदीही त्यामुळे सर्वांत विश्वासार्ह असतात: ‘उत्तम. गॅसवाला बेल वाजवून दोनदा परत गेला. घरात वातावरण तंग.’