आपण भरलेली हवा, मी खाल्लेली माती

राजमान्य राजश्री सायकल-दुकानातील तज्ज्ञ महोदय यांसी,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

माझ्या माउंटन बाइकला आपण टायर निवडून दिलेत, बसवून दिलेत, वर हवाही भरून दिलीत. त्याबद्दल आभाराचे चार शब्द लिहायचे कधीपासून मनात होते. उजवा हात आता लेखणी धरण्याजोगा झाला, म्हणून आज मुहूर्त साधतो आहे.

पुढच्या चाकासाठी मी मॅक्सिस कंपनीचा असेगाय मागितला होता. 2003, 2012, 2013 आणि 2021 अशी चार वर्षं डाउनहिलचा जगज्जेता ठरलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारच्या अनुभवातून घडलेला हा टायर. आपण तो दिलात, फक्त मागे बसवलात. "जोर मागच्या चाकालाच लागतो ना, साहेब!" हे मिनारला वेळीच कोणी सांगितलं नाही. बिचारा उगाच जिंकत राहिला.

पुढे मात्र आपण मोठ्या मनाने बारीक बटणांचा, म्हणजे बारीक रबरी उंचवट्यांचा, "एकदम पळणारा" टायर चढवलात. पळतो, यात शंका नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर टणक जमिनीवर जो सुटा मुरूम असतो तो म्हणजे फरशीवर सांडलेला साबुदाणा. तिथे वळणावर सायकल कलली की सगळी भिस्त टायरच्या कडेच्या बटणांवर असते, आणि ती पुढच्या चाकाला ठसठशीत लागतात. मागचं चाक घसरलं तर शेपूट जरा हलते, सावरता येतं. खरं सांगायचं तर त्यात मजाही असते. पुढचं घसरलं की सावरायला सवडच मिळत नाही. ती सवड आपण मला मिळू दिली नाहीत, त्यामुळे घाबरण्याचा त्रास वाचला.

त्याच पुढच्या टायरबद्दल "दहा वर्षं झिजणार नाही" असा शब्द आपण दिला होतात. शब्दाला जागलात! एक बटण झिजलेलं नाही. झिजलं ते माझं कोपर. उतारावर जोरात उतरणारे लोक मुद्दाम मऊ रबर घेतात, शोअर मापावर 42च्या आसपासचं, आणि ते लवकर संपणार हे ठाऊक असूनही पैसे मोजतात. असली उधळपट्टी आपल्या तत्त्वात बसत नाही. आपलं साठीच्या घरातलं रबर पावसाळ्यातल्या ओल्या कातळावर कशालाच चिकटत नाही. एवढी अनासक्ती संतांनाही साधत नसेल.

"उगाच वजन कशाला?" म्हणून जाड साइडवॉलऐवजी पातळ साइडवॉलचा असेगाय मागे घातलात, तेही माझ्या काळजीपोटीच. फुटलेल्या बेसॉल्टच्या धारेने तो बाजूने चिरला आणि उरलेली टेकडी सायकल खांद्यावर घेऊन उतरताना तिचा हलकेपणा खरोखर जाणवला.

टायरवरचा बाण उलट्या दिशेला गेला होता, ते मी सोडूनच दिलं. बाणाने एवढं मनाला लावून घेऊ नये.

पण हवा! तिच्याविषयी किती लिहावं? पन्नास पीएसआय! बोटाने दाबून "बघा कसा टणक झालाय" म्हणताना आपल्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही. साइडवॉलवर छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, आज्ञा नव्हे, हे कुणीतरी आपल्या कानावर घालायला हवं होतं. सत्तरेक किलोच्या माणसाला, 2.4 इंची ट्यूबलेस टायरला, पुढे 21-22 आणि मागे 24-25 पासून सुरुवात करावी, मग वाटेनुसार एकेक पीएसआय कमी-जास्त करून पाहावं. तेवढ्या हवेत टायर दगडावर दबतो, त्याला धरतो, पुढे जातो. आपल्या पन्नासात तो प्रत्येक दगडावरून उडतो आणि माझी हाडं दगडांची मोजदाद करतात.

मी हवा कमी करून पाहिली, तर आपण आत घातलेली ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडली. ती घेऊन आलो तेव्हा आपण विजयी मुद्रेने म्हणालात, "म्हणून तर पन्नास भरतो!" या युक्तिवादाला तोड नाही. ट्यूब आहे म्हणून हवा जास्त, आणि हवा जास्त आहे म्हणून ट्यूबला धोका नाही. मधल्या मध्ये जो आपटतो तो गिऱ्हाईक, आणि त्याला बँडेज औषधाच्या दुकानात मिळतंच.

ट्यूबच काढून टाकू, असं मी भीत भीत सुचवलं, तेव्हा आपण "ते लिक्विडचं लचांड नको" असा वडीलकीचा सल्ला दिलात. मॅविक कंपनीने माउंटन बाइकसाठी ट्यूबलेस पद्धत 1999 साली आणली. बातमी आपल्या पेठेत पोचायला थोडा वेळ लागायचाच. नीट चिकटवलेली रिमटेप, एक व्हॉल्व्ह, शंभरेक मिलिलिटर लॅटेक्सचं सीलंट आणि एका दमात भरपूर हवा. कडा ठप्प ठप्प आवाज करत रिममध्ये बसल्या की जास्तीची हवा काढून टाकायची. बाभळीचा काटा घुसला तर सीलंट तिथल्या तिथे भोक बुजवतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी नवं ओतायचं, एवढंच ते लचांड. हे सगळं सामान आपल्याच काउंटरमागच्या फळीवर धूळ खात होतं. तिथूनच विकत घेतलं, आणि चिरलेल्या टायरची डागडुजी आणि पुढची-मागची अदलाबदल धरून सगळं काम घरी उरकलं. आपल्याला तसदी देण्याचा धीर झाला नाही.

आता एकच कळकळीची प्रार्थना. माझा भाचा पुढल्या आठवड्यात नवी सायकल घेऊन आपल्याकडे येतो आहे. त्याला घंटी विकावी, बाटली विकावी, आरसा विकावा. टायरला हात लावू नये.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृतज्ञ व किंचित लंगडणारा,
एक ग्राहक

ता. क. : बिलात हवा भरण्याचे पैसे वेगळे लावले होते, म्हणून विचारतो. निम्म्याहून अधिक हवा मी काढून टाकली आहे. अजिबात वापरलेली नाही. परत घ्याल काय?