आमच्या मनगटांच्या शिल्पकारास

प्रति,
मुख्य अभियंता, हँडल विभाग यांस

स.न.वि.वि.

हे पत्र भाच्याला सांगून लिहून घेतो आहे, गैरसमज नसावा. माझी करंगळी आणि अनामिका अजून कामावर रुजू झालेल्या नाहीत.

परवा रात्री दीडच्या सुमाराला कराडजवळच्या एका पंपावर तुमच्या गाडीवरून उतरलो. ‘उतरलो’ हे आपलं म्हणायचं. मागची सीट इतकी उंच, की पाय तिच्यावरून जाईना. पंपावरच्या पोराने गाडी धरली आणि मी टाकीला मिठी मारून बाजूने घसरत खाली आलो. खाली आल्यावरही कंबर सरळ व्हायला राजी नव्हती. ते पोर थोडा वेळ माझ्याबरोबर जमिनीकडे बघत राहिलं आणि काळजीने म्हणालं, “काका, काय पडलंय का? बॅटरी लावू?”

अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची एक संस्था आहे. चोवीस तासांत १,००० मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर दुचाकी चालवायची, वाटेतल्या पंपांच्या वेळ छापलेल्या पावत्या जोडायच्या, की ती प्रमाणपत्र देते. पुणे ते बंगलोर साधारण ८४० किलोमीटर. जायचं, वळायचं, यायचं. आमच्या भागातली पोरं हे करतात, बुलेटवर करतात, जुन्या शंभर सीसीवरही करतात. मी तुमच्या स्पोर्ट बाइकवर केलं. विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं, “टूरिंग पण होतंय की साहेब हिच्यावर!” छाती त्याची होती, मनगटं माझी.

किरकोळ तक्रारी आधी उरकतो. सीट कडक आहे. टाकी दहा लिटरची आहे. आरशांत मला माझीच कोपरं दिसतात. सामान बांधायला गाडीवर एक आकडा नाही. बहुधा सामान असणारा माणूस तुमच्या डोळ्यांसमोर नव्हताच. ठीक आहे, हे सगळं माफ.

हँडल माफ नाही.

ते तुम्ही इतकं खाली, थेट पुढच्या फोर्कला आवळून का बसवलंत ते मला कळतं. ट्रॅकवर वळणात शिरताना अंगाचा भार पुढच्या चाकावर लागतो. फूटरेस्ट मागे आणि उंच, कारण गाडी आडवी झाली की ते रस्त्याला घासायला नकोत. आणि सरळ पट्ट्यावर ताशी दीडशेला समोरचा वारा छातीखाली शिरून स्वाराला जरा उचलून धरतो. सगळं बिनचूक. फक्त आमच्याकडे चौपदरी महामार्गावर दुचाकीला कायद्याने ताशी ८० ची मर्यादा आहे. ८० चा वारा जॅकेटच्या बाह्या फडफडवतो, छाती उचलत नाही. मग ती कोणी उचलायची? आणि हिशेब करून बघा, ८० ने १,६०९ किलोमीटर म्हणजे वीस तास हँडलवर. उरलेल्या चारांत पेट्रोल, जेवण, लघवी आणि पश्चात्ताप.

हुबळीच्या पुढे रस्ता सरळ आहे. नुसता सरळ नाही, हट्टाने सरळ. नमस्काराला वाकलेल्या सुनेला आशीर्वाद द्यायचं विसरून सासूबाई स्वयंपाकघरात निघून जाव्यात, तसा मी वळणाच्या तयारीत वाकून बसलेलो आणि वळण काही येत नाही. दावणगिरीला लोणी डोसा मागवला, तो बोटांनी तुटेना. चमच्याने खाल्ला. वेटरने ज्या नजरेने पाहिलं, ती अख्ख्या महाराष्ट्राला लागली. चित्रदुर्गाला डोंगरांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, मोठा किल्ला आहे. असं म्हणतात. तुमच्या गाडीवरून मान तेवढी वर होत नाही. मी कर्नाटकातलं डांबर पाहून आलो.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, “सायकल चालवता का फार?” तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने अल्नर नावाची नस जाते म्हणे. तिच्यावर तासन्‌तास भार आणि त्यात इंजिनची थरथर, की दोन बोटं बधिर होतात. सायकलवाल्यांचा हा जुना आजार. मला तुम्ही तो पेट्रोल जाळून मिळवून दिलात.

तुमच्या माहितीपत्रकात ‘एन्ड्युरन्स रेसिंगचा वारसा’ असंही छापलंय. वारसा मी वाचला. सुझुकाची आठ तासांची शर्यत १९७८ पासून चालते, ल मांला चोवीस तासांची होते. तिथे एका गाडीला तीन-तीन स्वार असतात. जेमतेम तासाभराने एक उतरतो, दुसरा चढतो, पहिला जाऊन पाठ टेकतो. टाकी २४ लिटरची. चोवीस तास सोसते ती गाडी, माणूस नव्हे! मला गाडी मिळाली. बाकीचे दोन स्वार डिलिव्हरीच्या वेळी द्यायचे राहिले का?

आतापर्यंत हसून सांगितलं. आता नाही. कराड सोडल्यावर, सहापदरीकरणाचं एक वळण संपतं तिथे, अंधारात उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मला ती दिसली वेळेत. ब्रेकवर बोटंही गेली. पण आपण किती दाबतोय हे हाताला कळत नव्हतं. हात माझा नव्हताच. भीतीने सगळा जोर लावला आणि गाडी ट्रॉलीच्या अलीकडे थांबली, कारण तुमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर की कुठे एबीएसवाला कोणी बसतो, त्याने त्याचं काम केलं होतं. त्याला माझा नमस्कार सांगा. आणि तुम्ही? दोन इंच, साहेब. हँडल दोन इंच वर असतं तर माझ्या घरी दार उघडणाऱ्या बाईला ही गोष्ट ऐकावी लागली नसती. तेच इंजिन, तुमच्याच कंपनीचं, उंच हँडल लावून शेजारच्या शोरूमच्या काचेत उभं आहे. म्हणजे येतं तुम्हाला!

पाणी प्यायलो. भाचा म्हणतो, मामा, त्या माणसाचा काय दोष?

असेल, नसेल. तुम्ही कागदावर हँडल वर काढलंही असेल आणि कोणी टाय लावलेल्याने ‘आक्रमक दिसत नाही’ म्हणून खोडलं असेल. आणि तुम्हाला कोणी सांगितलंही नसेल, की ज्या मुलखातून या गाडीची कल्पना आली तिथे ती ट्रेलरवर चढवून ट्रॅकला नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. इथे घरात हप्त्यांवर आलेली एकच गाडी असते. तिच्यावरच ऑफिस, तिच्यावरच दूध, मावशीला एसटी स्टँडवर सोडणं, आणि वर्षात एकदा जिवाची मुंबई करावी तसं बंगलोर. वर मुंबई-पुणे द्रुतगती काय, समृद्धी काय, गुळगुळीत म्हणावेत असे रस्ते दुचाकीला बंद. ही यादी तुमच्या टेबलावर कधी आलीच नसणार. तुम्हीही रोज कारखान्यात स्कूटरवरच येत असाल, पाठ ताठ ठेवून.

म्हणून निमंत्रण देतो. थंडी संपायच्या आत या. पहाटे चारला कात्रजला भेटू. माझी गाडी तुम्ही घ्या, मी मेहुण्याची अ‍ॅक्टिवा घेऊन मागून येतो. दावणगिरीचा डोसा माझ्याकडून. चमचा मी आणीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाकलेला ग्राहक

ता. क. : चोवीस तासांच्या आत पोचलो. पावत्या पाठवल्या आहेत. भाचा विचारतोय, गाडी मला देता का. नाही देणार.