एकादशीला समुद्र घरी नसतो

"काल सकाळी सकाळी कुलूप होतं गं तुमच्याकडे. दुधाची पिशवी माझ्या फ्रिजमध्ये आहे."

काकूंची ही चौकशी करण्याची पद्धत. कुठे गेला होतात, असं त्या कधी विचारत नाहीत. आधी दुधाची पिशवी पुढे करतात आणि मग भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहतात. बोरिवलीतल्या आमच्या दोन जुन्या इमारतींच्या मधे छातीएवढी कंपाउंडची भिंत आहे. तिच्या पलीकडे काकूंचा तळमजला आणि अलीकडे आमचा. भिंतीवर सध्या त्यांच्या कुरडया वाळताहेत, त्यामुळे कोपर टेकायला जागा जरा कमी आहे.

"डहाणूला गेलो होतो, काकू."

"अगं बाई! कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. सहज. फिरायला."

"सहज डहाणूला?" त्यांनी एक कुरडई उलटवली. "बरं. मग समुद्र दिसला का?"

आता इथेच माझी पंचाईत झाली. कारण काल शनिवारी आम्ही तिघं, म्हणजे हे, सासूबाई आणि मी, चांगले दोन तास लोकलनं जाऊन समुद्रावर पोचलो, तर समुद्र तिथे नव्हता.

पण ते पुढे सांगते. आधी गाडीचं ऐका, कारण गाडीचं ऐकायला काकूंना समुद्रापेक्षा जास्त आवडतं. त्यांचं माहेर केळव्याचं. वडिलांची पानवेलीची वाडी होती. लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हा माहेरी जायचं म्हणजे विरारला उतरून शटलची वाट बघायची किंवा गुजरातकडच्या पॅसेंजरमध्ये कुठेतरी टेकायचं. डहाणूपर्यंत लोकल आली ती 16 एप्रिल 2013 ला. तारीख मुद्दाम सांगते, कारण बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली तीही 16 एप्रिललाच, 1853 साली. ठाण्यानंतर डहाणूला बरोबर 160 वर्षांनी नंबर लागला, असं आमचे हे गाडीत बसल्याबरोबर म्हणाले आणि समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी "लागला हे काय कमी आहे?" म्हणून पेपर उघडला.

"जागा मिळाली का पण?" काकूंचा पुढचा प्रश्न.

मिळाली, पण विरारनंतर. डहाणू लोकलमध्ये बोरिवलीला चढलं की ताबडतोब आपली परीक्षा सुरू होते. "कुठे उतरणार?" डहाणू म्हटलं की लोक सरकून घेतात, नात्यातलं कुणी भेटल्यासारखं बघतात. विरार म्हटलं की खिडकीबाहेर बघतात. विरारवाल्यांना विरारच्या इतक्या गाड्या असताना ते आमच्या गाडीत का चढतात, हे पालघर-बोईसरवाल्यांचं जुनं दुःख आहे. काल एक बाई नायगाव ते विरार हे दुःख उभ्यानं सांगत होत्या. विरारला डबा निम्मा रिकामा झाला, त्या खिडकीशी बसल्या आणि वैतरणा येईपर्यंत झोपल्यासुद्धा.

मी म्हटलं, काकू, मला इतकी वर्षं वाटायचं की ही गाडी समुद्राच्या कडेनं जाते. समुद्र कुठेच दिसत नाही! दिसते ती खाडी. भाईंदरनंतर वसईची, आणि विरारनंतर वैतरणेची. वैतरणेला एक नाही, दोन पूल लागतात आणि दोन पुलांच्या मधे वाढीव नावाचं बेट आहे. तिथली माणसं वर्षानुवर्षं रेल्वेच्या पुलावरून, रुळांच्या कडेनं चालत स्टेशनला येत आलीत. आपण आत बसून पुलाचे फोटो काढतो, आणि त्यांना पाठीवर दप्तर घेऊन त्याच पुलावरून शाळेत जावं लागलंय. हे बघितलं आणि मी फोन पिशवीत ठेवला.

"वाढीवची माणसं काटक," काकू म्हणाल्या. "पळस दिसला का?"

थोडा. सफाळ्याच्या आसपास उजव्या हाताच्या डोंगरावर एखाददुसरा विझत आलेला. पळस, पांगारा, काटेसावर बघायची तर शिमग्याच्या आगेमागे जायला हवं, हे काकूंनीच मला मागे सांगितलेलं, आणि मी विसरले होते. चैत्रात जरा उशीर होतो. पण चैत्रातला कोशिंब मात्र मी पहिल्यांदा नीट बघितला. नवी पालवी इतकी तांबडी की सासूबाईंनी विचारलं, "ही कसली फुलं?" शेजारच्या टोपलीवाल्या मावशी हसून म्हणाल्या, "पानंच हायेत ती, आजी. चार दिसांनी हिरवी व्हतील." सकाळी मुंबईत भाजी विकून रिकामी टोपली घेऊन त्या परत निघाल्या होत्या. आपण ज्या गाडीला सहलीची गाडी म्हणतो, तिच्यात त्यांची दिवसपाळी संपत असते.

इथं काकूंनी एकदम विषय बदलला. "तिसऱ्या मजल्यावरचे गेले होते ना गाडी घेऊन? डहाणूलाच?"

गेले होते! मागच्या महिन्यात. नवीन गाडी, चार पाण्याच्या बाटल्या, मुलांना टोप्या. सकाळी सातला निघाले, साडेदहाला फोन आला की अजून हायवेलाच आहोत, पुढे कंटेनर उलटलाय. मुलांनी घरचे डबे गाडीतच संपवले. पोचले असतील दीडच्या सुमाराला, आणि परतायच्या भीतीनं तीनला निघाले. पुन्हा म्हणे, "मजा आली." काकू माझ्याकडे बघून काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काहीच न बोलणं दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं.

बरं, डहाणूला आम्ही साडेदहाला उतरलो. आणि इथे माझी चूक झाली. उतरल्याबरोबर समुद्रावर जायचं सोडून मी म्हटलं, आधी चिकूच्या वाड्या बघू. मग रिक्षा ठरवली आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं घोलवड-बोर्डीकडे निघालो. रिक्षावाल्यानं जेवढे घेतले त्याहून कमी पैशात आम्ही तिघं बोरिवलीहून डहाणूला आलो होतो, हे यांनी वाटेत चार वेळा सांगितलं. (घोलवडला स्टेशन आहे, डहाणूच्या पुढचंच. पण लोकल डहाणूलाच संपते आणि पुढच्या गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळ जुळवून घ्यावी लागते. आम्ही जुळवली नव्हती.)

वाडी मात्र बघण्यासारखी. आत शिरलं की बाहेरचं ऊन एकदम थांबतं. चिकूची झाडं म्हणजे जमिनीपर्यंत टेकलेल्या छत्र्या. एक मुलगा लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीनं एकेक फळ हलकेच ओढून घेत होता. खाली पडू द्यायचं नाही, पडलं की डाग लागतो. देठाशी पांढरा चीक येतो, तो हाताला लागला की दिवसभर सुटत नाही. काढलेला चिकू ताजा ताजा खायचा नसतो, हे सासूबाईंना ठाऊक होतं. यांना नव्हतं. यांनी एक चावला आणि पुढचा अर्धा तास गप्प होते. तोंड बांधलं गेलं होतं, त्यामुळे रिक्षाच्या भाड्याचा विषयही बंद झाला. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालंय, म्हणजे आता त्या नावावर दुसऱ्या कुठल्या चिकूनं हक्क सांगायचा नाही. वाडीतल्या काकांनी हे सांगितलं आणि पिकलेल्या चिकूंची करंडी पुढे केली. काल कामदा एकादशी, सासूबाईंचा उपास. त्यांनी सहा खाल्ले. फळच ते!

आम्ही दोघांनी जेवण एका घरगुती खानावळीत केलं. मासे होते. सासूबाई समोर बसून ताडगोळे सोलत होत्या आणि आमच्या ताटाकडे बघत नव्हत्या. ताडगोळ्यांचं एक आहे, तो सोलणाऱ्याच्या हातात असतो. वरची पिवळसर साल नखानं हळू सोडवायची, घाई केली की आतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येतं आणि तोंडात नुसता गर राहतो. घेताना दाबून बघायचा. बोटाखाली जेलीसारखा लवला तर घ्या, टणक लागला तर जून झालाय. यांनी टणक बघून बघून सहा घेतले होते, "टिकतील" म्हणून.

आणि मग, दोन-सव्वादोनला, आम्ही बोर्डीच्या समुद्रावर गेलो.

"काकू, समुद्रच नव्हता! सुरूची झाडं होती, वाळू होती, वाळूवर नांगर टाकून आडवी झालेली होडी होती. पाणी म्हणजे लांबवर एक पांढरी रेघ. आम्ही चालत गेलो, चालत गेलो. सासूबाई म्हणाल्या, मी इथंच बसते, आला की मला हाक मारा."

काकू हसायच्या थांबेनात. कुरडया हलल्या. मग डोळे पुसून त्यांनी बोटं मोजली.

"काल एकादशी. अकराची पाऊणपट किती?"

"सव्वाआठ."

"मग? सव्वाआठला भरती. त्याच्यानंतर सहा तासांनी ओहोटी. सव्वादोन. तुम्ही बरोबर ओहोटीच्या ठोक्याला गेलात! तुम्ही विरारच्या अलीकडे जागा शोधत होतात ना, तेव्हा समुद्र भरलेला होता. आता पुन्हा रात्री साडेआठला येणार. तोपर्यंत तू काय बसणार होतीस?"

हे पाऊणपटीचं गणित आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळ्याला आणि वाडवळाला येतं, आणि मुंबईत जन्म काढलेल्या मला आलं नाही. तिथी मोजायची प्रतिपदेपासून, शुद्ध असो की वद्य. तिला पाऊणनं गुणायचं. येईल ती साधारण भरतीची वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आसपास उधाण. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, पण ती भांगाची, अंगात जोर नसलेली. मिनिटांचा हिशेब नाही हा, तेवढं हवं असेल तर छापील तक्ता बघा. पण चटई घेऊन निघायला पुरेसा.

"आणि बोर्डीचा किनारा सपाट," काकू म्हणाल्या. "पाणी जरा उतरलं की लांब पळतं. आमच्या केळव्यालाही तसंच. खाडीच्या तोंडाशी पाणकोट आहे, तो ओहोटीला चालत गाठता येतो. लहानपणी आम्ही जायचो. वेळ चुकली की अडकून बसायचं आणि घरी गेल्यावर मार." मग त्या शितळादेवीच्या देवळाबद्दल, पानवेलीच्या वाडीतल्या गारव्याबद्दल आणि रविवारी केळव्याला जी गर्दी होते तिच्याबद्दल बोलल्या. गर्दीबद्दल जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

डोंबिवलीच्या त्यांच्या सूनबाईंचं म्हणणं वेगळं. वसंतात माणसानं सेंट्रलनं जावं. आसनगावला उतरून माहुलीच्या पायथ्याशी, नाहीतर नेरळला उतरून माथेरानला. तिथली छोटी गाडी 1907 पासूनची, दोन फुटी रुळावरची, मुलांना आवडते. हार्बरवाल्यांना तर 2024 च्या जानेवारीपासून उरणपर्यंत लोकल झाली. सगळं मान्य. पण माथेरानला समुद्र नाही आणि सेंट्रलला रविवारी मेगाब्लॉक असतो. आमच्याकडेही असतो, त्याला फक्त जम्बो ब्लॉक म्हणतात. म्हणून सहल रविवारी काढू नये, हे माझं आणि काकूंचं एकमत.

"मंगळवारी रजा टाक," काकू अचानक म्हणाल्या.

"कुठला मंगळवार?"

"येत्या नाही, पुढच्या. वद्य षष्ठी. सहाची पाऊणपट?"

"साडेचार."

"मग दुपारी तीनला वाळूत बसायचं, पाणी आपणहून पायाशी येईल. सकाळी डहाणूच्या महालक्ष्मीला जाऊ. चैत्री पुनवेपासून पंधरा दिवस विवळवेढ्याला जत्रा असते, आदिवासी पाड्यापाड्यांतून येतात. मी लग्नानंतर एकदाच गेलेय." त्यांनी भिंतीवरून वाटी पुढे केली. आंब्याची डाळ होती, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची उरलेली. "सासूबाईंना दे. आज बारस, उपास सुटला असेल. आणि त्यांना म्हणावं, षष्ठीला मासे खाता येतात."

तर ठरलं आहे. डबा माझ्याकडे, चटई काकूंची, ताडगोळे सासूबाई निवडणार, हे फक्त पिशव्या उचलणार. तुम्हालाही त्या दिवशी यायचं असेल तर जरूर या, डब्यात जागा होईल. फक्त विरारला उतरणार असाल, तर कृपा करून विरारची गाडी पकडा.