कच्चे दाणे

कोलकात्याजवळच्या बराकपूरला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझी फसगत झाली, आणि ती माझ्याच मराठीने केली. सियालदहहून सुटलेल्या लोकलमध्ये 'बादाम, बादाम' करत एक फेरीवाला आला. पुडी दहा रुपयांना. बदाम आणि दहा रुपयांना! मी घाईघाईने चार पुड्या खिशात टाकल्या. घरी उघडल्या तर आत खारे दाणे. "दहा रुपयांत बदाम विकणारा माणूस लोकलमध्ये कशाला धक्के खाईल?" बायकोने विचारलं. इकडे नुसतं बादाम म्हणजे शेंगदाणे. आपल्या बदामाला काठबादाम म्हणावं लागतं.

मग २०२२ सालचं ते गाणं एकदम उलगडलं. भाच्याच्या हळदीत बँजोवाल्यांनी 'कच्चा बादाम' लावलं तेव्हा आमचं सगळं गोत सुकामेव्याचं गाणं समजून नाचलं होतं. आत्याला तर ते बडेजावाचं वाटलं. प्रत्यक्षात बीरभूम जिल्ह्यात, दुबराजपूरकडच्या कुरालजुरी गावचे भुबन बाद्यकर दारोदार कच्चे दाणे विकत होते, आणि ती त्यांची हाळी होती. बीरभूम हा गात फिरणाऱ्या बाऊलांचा मुलूख. तिथे हाळीलासुद्धा चाल लागते. गाण्यात ते पैंजण, बांगड्या, 'सिटी गोल्ड'ची साखळी मागतात आणि बदल्यात दाणे देऊ करतात. सिटी गोल्ड म्हणजे आपलं बेंटेक्स. थोडक्यात, ही आपली बोहारीणच. फक्त भांड्यांऐवजी दाणे. भाजलेले मिळणार नाहीत हेही ते आधीच सांगून टाकतात. इतका प्रामाणिक गीतकार मला अजून भेटलेला नाही.

दाण्यांनी जग नाचवल्याची ही पहिली वेळ नव्हे. क्यूबाच्या मोइसेस सिमोन्सने हवानातल्या दाणेवाल्याच्या हाळीवर एक गाणं रचलं. 'एल मानिसेरो', म्हणजे दाणेवालाच. १९३०मध्ये न्यूयॉर्कला डॉन आस्पिआसूच्या वाद्यवृंदाने त्याची तबकडी काढली आणि अमेरिका ठेका धरू लागली. नाव सिमोन्सचं झालं, आस्पिआसूचं झालं; हवानाच्या रस्त्यावर ओरडून घसा बसवणारे बिननावीच राहिले. बीरभूमात निदान हाळी आणि नाव एकाच माणसाचं निघालं.

नाव झालं तसे सत्कारही झाले. पश्चिम बंगालच्या पोलिसांनी भुबनबाबूंचा सन्मान केला. मग त्यांनी जुनी मोटार घेतली, चालवायला शिकताना अपघात झाला, छातीला मार लागला. बरे झाल्यावर त्यांनी त्या गाडीवरही गाणं केलं. मला हा माणूस खरा आवडला तो इथे. मोडकं पैंजण असो की मोडकी मोटार, घ्यायचं आणि बदल्यात काहीतरी द्यायचं, हा हाडाचा फेरीवाला. पुढे मात्र आपल्याच गाण्याचे हक्क कागदोपत्री दुसऱ्याकडे गेल्याची त्यांची तक्रार पेपरात वाचली. जन्मभर मोडीचा भाव बिनचूक करणाऱ्याला कागदाचं वजन कळलं नसावं. आपल्याकडेही कॅसेटच्या जमान्यात आनंद शिंद्यांचा 'नवीन पोपट' गल्लोगल्ली बोलायचा. त्या बोलण्यातले किती पैसे कुणाच्या खिशात गेले, हा हिशेब मी कुणाकडून ऐकलेला नाही.

आता मी दाणे जाणूनबुजून घेतो. एकादशीला खिचडीत कूट लागतोच, आणि कच्चे आणून घरी भाजले की साल फुंकायचा आनंद वेगळा. परवा खडदह सुटल्यावर तोच फेरीवाला दिसला. दोन पुड्या घेतल्या आणि लाडात येऊन म्हटलं, "दादा, ते गाणं म्हणा की!"

त्याने सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले. "गाणं कसलं दादा, टिटागढ आलं," म्हणाला आणि पुढच्या डब्याकडे धावला.