भुताला भोपळा, पोरांना चिल्लर

३१ ऑक्टोबर जवळ आला की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत चेटकिणींची घाई सुरू होते. नारिंगी भोपळा कोरायचा, आत दिवा ठेवायचा, दारोदार चॉकलेटं मागायची. उरलेल्या गराचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. घारगे करावेत, तर ते ‘थीम’मध्ये बसत नाहीत.

त्यापेक्षा तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशम तालुक्याकडे बघा. तमिळ मुलुखात आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू आणि चिल्लर भरतात, वर कापूर पेटवतात, दुकानावरून ओवाळतात आणि भर रस्त्यात आपटतात. लालभडक सडा पडतो, पोरं नाण्यांवर झडप घालतात, मागचा दुचाकीस्वार घसरतो. भीतीचा भाग असा आपोआप पार पडतो. रस्त्यात कोहळे फोडू नका, अशी विनवणी पोलीस करतात. कोहळे फुटतच राहतात. शिवाय बांधकामांवर सुळेवाल्या राक्षसाचं तोंड बारा महिने लटकलेलं असतंच, दृष्ट लागू नये म्हणून.

वेशभूषाही हवी? याच तालुक्यातल्या मेलट्टूरला नरसिंहजयंतीच्या सुमारास भागवतमेळ्याची नाटकं होतात. गाव तमिळ, नाटक तेलुगू, जुना राजाश्रय तंजावरच्या मराठ्यांचा. प्रह्लादाच्या नाटकातल्या नरसिंहाच्या मुखवट्याची पूजा होते आणि तो घालणारा आधी उपास करतो. आपल्याकडे ऑनलाइन मागवलेला व्हॅम्पायरचा झगा फोटो काढून झाले की ‘साइज बसला नाही’ म्हणून परत पाठवतात.