बाण कसा सोडावा : मॅटप्लॉटलिबच्या साधकांसाठी

आलेखात सांगण्यासारखं काही असेल तर ते आपसूक दिसतं. बाण लागतो, तो तसं काही नसेल तेव्हा. हे मूलतत्त्व ज्यांना मान्य नाही, त्यांनी सरळ आलेख काढावेत आणि सुखाने झोपावं; पुढचं मार्गदर्शन त्यांच्यासाठी नाही.

एपिलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युत नोंदी पडद्यावर नीट पाहता याव्यात, म्हणून जॉन हंटर यांनी मॅटप्लॉटलिब हे आलेख काढायचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि २००३ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच्या जोरावर आज पीएच.डी.चे विद्यार्थी सपाट रेषेवरचा उंचवटा गाईडला दाखवतात.

आधी निषिद्ध काय ते पाहू. ‘अ‍ॅरो’ याच नावाचं एक फंक्शन आहे आणि नावाला भुलून नवशिका थेट तिथेच जातो. या बाणाची सगळी मापं अक्षांच्या एककांत असतात. आडव्या अक्षावर साल आणि उभ्यावर लाखांतले रुपये असले, की बाणाच्या डोक्याची रुंदी वर्षांत मोजायची की रुपयांत, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. डोकं चेपतं, तिरकं होतं, कधी दिसतच नाही. ‘त्यापेक्षा अ‍ॅनोटेट वापरा’ असा सल्ला अधिकृत माहितीतच दिलेला आहे. पण ती वाचायची सगळे उपाय थकल्यावर, अशी आपल्याकडे रीत आहे.

‘अ‍ॅनोटेट’ला दोन जागा सांगाव्या लागतात : ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो बिंदू आणि जिथे वाक्य लिहायचं ती जागा. बाण वाक्यापासून निघून बिंदूपाशी पोचतो. म्हणजे आधी निष्कर्ष, मग पुरावा. संशोधनाचा प्रचलित क्रमही हाच असल्याने नवं काही शिकावं लागत नाही.

आता शैली. ‘->’ हा उघड्या टोकाचा बाण नम्र असतो. ‘असं वाटतं बुवा’ एवढंच म्हणतो. ‘-|>’ म्हणजे भरीव त्रिकोणी डोकं. हा ठाम असतो, म्हणून आकडे जितके डळमळीत तितका हाच घ्यावा. ‘<->’ला दोन्हीकडे टोकं असतात, नेमकं कोणत्या बाजूला काय घडलं याचा पत्ता नसेल तेव्हा तो अब्रू राखतो. ‘<-’मध्ये टोक बिंदूकडे न जाता तुमच्याच वाक्याकडे वळतं. आकड्यांपेक्षा स्वतःच्या वाक्यावर ज्यांचा विश्वास अधिक, त्यांच्यासाठी ही खास सोय (सत्कारमूर्तींच्या सादरीकरणात शोभून दिसते). डोक्याचा आकार ‘म्यूटेशन स्केल’वर ठरतो आणि तो सांगितला नाही तर अक्षरांच्या आकारावरून घेतला जातो. अक्षर मोठं केलं, की डोकंही फुगतं.

सरळ बाण गावंढळ दिसतो, असं वाटणाऱ्यांनी ‘आर्क३’ घेऊन ‘रॅड’ला ०.२ द्यावं. हलकासा बाक येतो, विचार करून सोडल्यासारखा वाटतो. उणे ०.२ दिलं तर तो दुसऱ्या बाजूला झुकतो. १ दिलं तर बाण एवढा वळसा घेतो, की बघणारा मूळ रेषा विसरतो. काही प्रबंधांत हेच अपेक्षित असतं. मात्र इथे पत्रिका जुळवावी लागते. ‘फॅन्सी’, ‘सिंपल’ आणि ‘वेज’ या थाटाच्या बाणांचं ‘आर्क३’ किंवा ‘अँगल३’शीच जमतं. ‘बार’शी गाठ घातलीत तर मांडवातच एरर उभा राहतो. तसंच ‘अ‍ॅरोस्टाइल’ लिहिल्यावर ‘हेडविड्थ’ लिहू नये. जुन्या पद्धतीच्या चाव्या नव्या पद्धतीत चालत नाहीत.

‘श्रिंक-बी’ हा अत्यंत सभ्य पर्याय आहे. बाणाचं टोक बिंदूच्या किती अलीकडे थांबावं ते तो ठरवतो. काही न सांगितल्यास २ पॉइंट, म्हणजे इंचाचा छत्तिसावा भाग. १५ केलंत तर बाण बिंदूला शिवतच नाही, नुसता त्या दिशेला कुठेतरी पाहतो. तोंडी परीक्षेत हे अंतर फार कामाला येतं.

रंगाबद्दल एवढंच : लाल.

आता एका बाणाने भागत नाही असे लोक उरले. अरबी समुद्रावरचे मोसमी वारे दाखवायचे, तर शेकडो बाण एकदम सोडणारं ‘क्विव्हर’ लागतं. इथे ‘स्केल’चा आकडा वाढवला, की बाण आखूड होतात आणि घटवला, की लांब. याचं कारण विचारू नये. वादळ हवं असेल तर आकडा निम्मा करावा. दिशांची व्यवस्था ‘यूव्ही’ अशी आपोआप ठरलेली असते, त्यामुळे दोन्ही अक्षांची मापं सारखी नसतील तर बाण पडद्याच्या हिशोबाने वळतात, अक्षांच्या नव्हे. ते नको असेल तर ‘एक्सवाय’ सांगावं. आणि एखादा बाण स्वतःच्या जाडीपेक्षा आखूड झाला, तर सॉफ्टवेअर बाण काढायचं सोडून तिथे इवलासा षट्कोनी ठिपका ठेवतं. असे ठिपके नकाशाभर पसरले तरी घाबरू नये. परीक्षकांनी विचारलंच, तर ‘त्या दिवशी वारा पडला होता’ असं सांगावं.