श्रीयुत ओक यांस कारणे दाखवा नोटीस

श्रीयुत ओक,
रस्त्याच्या कडेला, विजेच्या तारांना खेटून,
फार्मिंग्टन खोरे, कनेक्टिकट, अमेरिका.

स. न. वि. वि.

पत्रावरचं नाव वाचून पुण्यातली काही कुटुंबं दचकतील. त्यांनी निर्धास्त असावं, हे पत्र झाडाला आहे. आणि ते उघड लिहिण्याचं कारण एवढंच की, 29 ऑक्टोबर 2011 च्या शनिवारी जे घडलं त्याची रीतसर चौकशी झाली, सुनावण्या झाल्या, जाडजूड अहवाल निघाले. पण ज्याच्यावर सगळ्यांनी खापर फोडलं त्या मुख्य आरोपीला कुणी चार ओळी लिहायचं सौजन्य दाखवलं नाही. दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की ही उणीव मला टोचते.

आपल्यावरचा आरोप साधा आहे. महिना संपत आला होता आणि आपण पानं सोडली नव्हती. शेजारचे ॲश केव्हाच हातपाय मोकळे करून बसले होते. आपण मात्र, निवृत्तीचं वय उलटलं तरी खुर्ची न सोडणाऱ्या हेडक्लार्कसारखे, एकूण एक पान धरून उभे. त्यात त्या दिवशी जो बर्फ पडला तो जानेवारीतला भुरभुरीत, फुंकरीने उडणारा बर्फ नव्हता. अर्धा पाऊस, अर्धा हिम, ओला, चिकट आणि भयंकर जड. बोडक्या फांद्यांवरून तो घसरून खाली गेला असता. आपण प्रत्येक पानाचा तळहात पुढे करून तो झेलत बसलात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 2.9 इंच पडला, तर तिथे 1869 पासूनच्या नोंदींत ऑक्टोबरात एक इंचसुद्धा कधी पडला नव्हता म्हणून केवढा गवगवा झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या पेरू नावाच्या गावात 32 इंच पडला. आम्हाला मधला वाटा मिळाला.

आदल्या दिवशी भाऊबीज झाली होती. परभणीहून सासूबाई आलेल्या. रात्री बाहेर धाडधाड आवाज सुरू झाले तेव्हा त्या म्हणाल्या, “इथली पोरं दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब आज फोडतायत वाटतं.” फोडत कुणीच नव्हतं, मोडत आपण होतात. आधी एक लांब करकर, मग बार, मग बर्फात काहीतरी अवजड बसल्याचा दबका आवाज. थोड्या वेळाने रस्त्याच्या टोकाला आकाश निळसर हिरवं झालं, पुन्हा काळं झालं आणि घरातल्या फ्रिजची घरघर थांबली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “लाइट गेली. काडेपेटी कुठंय?”

कनेक्टिकटमध्ये आठ लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले. ईशान्येकडची सगळी राज्यं धरली तर हा आकडा 30 लाखांवर. दोनच महिन्यांपूर्वी, ऑगस्टअखेर, आयरीन वादळाने आपल्या बांधवांची मुळं हलवून ठेवलीच होती. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, अशी गत. काही गावांत वीज यायला 11 दिवस लागले. परभणीच्या बाईला याचं काही वाटू नये अशी माझी समजूत. पण सासूबाईंचं म्हणणं, “आमच्याकडं भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात तरी येतं. कधी जाणार, कधी येणार, बघून बाई पीठ मळते. इथं नुसतंच अंधारात बसायचं?” दुसरा प्रश्न इन्व्हर्टरचा. तो नाही हे कळल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे स्वतःच्याच अभियंता मुलाकडे, ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

आता आमच्या सुबत्तेची फजिती ऐका. तळघरातली टाकी घर तापवणाऱ्या भट्टीच्या तेलाने काठोकाठ भरलेली. पण त्या तेलाला पेटवणारी ठिणगी विजेची, आणि ऊब घरभर फिरवणारं यंत्रही विजेचं. तेव्हा शेकडो गॅलन तेलावर बसून आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवत होतो. पाणी विहिरीचं, म्हणजे पंपाचं, म्हणजे पुन्हा विजेचंच. अंगणात बर्फाचे ढीग आणि संडासात ओतायला बादलीभर पाणी नाही. बर्फ वितळवायचा तर शेगडी विजेची. फ्रिज बंद पडला म्हणून दूध, भाज्या बाहेर बर्फात खुपसून ठेवल्या, तर चारच दिवसांत ऊन पडलं आणि बर्फ चालता झाला. बरं, आपणच पाडलेल्या फांद्या दिवाणखान्याच्या शेकोटीत घालाव्या म्हटलं, तर ओकचं लाकूड वर्षभर तरी वाळल्याशिवाय नीट जळत नाही, नुसतं धुमसतं. उपद्रव तत्काळ आणि उपयोग पुढच्या वर्षी, हे आपलं धोरण एखाद्या सरकारी खात्याला शोभलं असतं.

घरात एकच गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे फराळ. चकली, शेव, चिवडा यांना फ्रिज लागत नाही, शेगडी लागत नाही आणि कंपनीच्या परवानगीचीही वाट पाहावी लागत नाही. लाडू थंडीने इतके घट्ट झाले होते की बत्त्याने फोडावे लागले. पणत्या अजून आवरल्या नव्हत्या. तेल, वाती, सगळं हाताशी. कोळशाची बार्बेक्यू शेगडी गॅरेजमध्ये पेटवावी असा आमच्याकडे विचार निघाला, तो सासूबाईंनी एका वाक्यात मोडून काढला: “बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे आमच्याकडं पोरांनाही ठाऊक आहे.” त्या आठवड्यात या राज्यात काही घरांत नेमकं हेच घडलं. शेगडी आत आणली, नाहीतर जनरेटर दाराआड चालवला, आणि वास नसलेल्या त्या वायूने माणसं गेली. बर्फाने नव्हे, उबेने. या एका बाबतीत मी आपल्यावर काही लादत नाही.

रस्त्यात आपण आडवे आणि आपल्या अंगाखाली तार. नगरपालिकेची माणसं करवती घेऊन उभी. पण तार मृत आहे असं वीज कंपनीच्या माणसाने येऊन सांगितल्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही. नियम अगदी योग्य आहे, जिवाशी खेळ कोण करील? फक्त तो सांगणारा माणूस येत नव्हता. मग कॅनडातून, दूरदूरच्या राज्यांतून पाळणा लावलेले ट्रक आले. त्यातल्या एका पथकाने आमच्या कोपऱ्यावर सासूबाईंच्या हातच्या चकल्या खाल्ल्या आणि हा पदार्थ यंत्राने पाडतात की हाताने यावर तारेपेक्षा बारकाईने चर्चा केली. आमच्या घरापाशी मात्र वेगळाच पेच. आपल्या फांदीने तार खेचली तेव्हा भिंतीवरचा नळीचा खांब मुळासकट वाकला आणि मीटरची पेटी एका स्क्रूवर लोंबत राहिली. मीटर कंपनीचा, पण ती नळी, ती पेटी घरमालकाची. कंपनी म्हणे, ती तुमच्या खर्चाने वायरमन आणून दुरुस्त करा, मगच आम्ही तार जोडू. आणि वायरमन? ते सगळे आधीच कुणाच्या तरी भिंतीवर चढलेले.

याच सुमारास कंपनीने जाहीर केलं की रविवार मध्यरात्रीपर्यंत 99 टक्के ग्राहकांची वीज येईल. न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कात तेव्हा वरच्या एक टक्का श्रीमंतांविरुद्ध पोरं तंबू ठोकून बसली होती, ‘आम्ही 99 टक्के’ म्हणून ओरडत होती. गृहकर्ज फेडणारी माणसं आम्ही, आम्हीही त्यांच्यातलेच, असं समजत होतो. सोमवारी पहाटे अंधारात डोळे उघडले तेव्हा कळलं, आयुष्यात पहिल्यांदाच आपण वरच्या एक टक्क्यात जाऊन बसलोय. आणि त्या एक टक्क्यात गर्दी बरीच दिसली. आमचं अख्खं खोरं तिथेच होतं.

मग दोष कुणाचा, याची शोधाशोध. पुढे अहवालातून बाहेर आलं की राज्यातल्या सगळ्यात मोठ्या वीज कंपनीच्या आपत्कालीन आराखड्यात वाईटात वाईट म्हणून जो प्रसंग धरला होता, तो साधारण एक लाख ग्राहकांचा. आले आठपट. एका मोठ्या साहेबांनी खुर्ची सोडली. बाकी सगळ्यांनी आपल्याकडे बोट दाखवलं. झाडं, झाडं, झाडं! चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची रीत महाराष्ट्राबाहेरही आहे, हे पाहून परदेशात जरा घरच्यासारखं वाटलं.

म्हणून विचारते, इतका मोठा आरोप निमूट ऐकून घेणारे आपण कोण? पांडवांनी शमीवर शस्त्रं दडवली म्हणून आम्ही अजून दसऱ्याला तिची पूजा करतो. आपल्या कुळाने तर त्याहून थोर काम केलं. 1687 मध्ये इंग्लंडच्या राजाचा माणूस या वसाहतीची सनद परत घ्यायला आला, तेव्हा ती म्हणे हार्टफर्डच्या एका ओकच्या ढोलीत लपवली. तो ओक 1856 च्या वादळात पडला. त्याच्या लाकडाची खुर्ची अजून हार्टफर्डच्या विधानभवनात आहे, 1999 च्या पाव डॉलरच्या नाण्यावर त्याचं चित्र आहे, पांढरा ओक हा राज्याचा वृक्ष आहे. सनद सांभाळली तेव्हा राष्ट्रपुरुष, तार तुटली की गुन्हेगार.

आणि आपल्याला त्या तारेखाली उभं कुणी केलं? सावली हवी, शरदातला रंग हवा, घराची किंमत वाढायला रस्ता ‘झाडांचा’ हवा. इथे गावोगाव कायद्याने ट्री वॉर्डन असतो. वीज कंपनीची छाटणी आली की त्याच्याकडे तक्रारी जातात: आमच्या फांदीला हात लावाल तर याद राखा. वादळानंतर त्याच रस्त्यावर लोक करवतीची मागणी करत होते. दोनेक वर्षांनी कंपन्यांनी जमिनीपासून आभाळापर्यंत तारेभोवतीचं सगळं साफ करायला घेतलं, तेव्हा तीच मंडळी पुन्हा आपल्या बाजूने सभांना हजर. तारा जमिनीखाली घाला म्हणावं, तर मैलामागे दहा-दहा लाख डॉलर आणि वर. बिलात ते दिसलं की जमिनीखालची कल्पना जमिनीखालीच राहते. छाटणीचा खर्च कंपनीला नको, छाटणी रहिवाशांना नको, बिलात वाढ कुणालाच नको. तेव्हा सर्वानुमते ठरलं की झाडाने समंजसपणे वागावं.

त्या सर्वानुमताच्या वतीने आपल्याला कळवण्यात येतं की:

यापुढे पानगळ 15 ऑक्टोबरपूर्वी पूर्ण करावी. तोवरचा लाल-पिवळा रंग पर्यटकांच्या सोयीने, शनिवार-रविवार धरून दाखवावा. मोडायचंच असेल तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला मोडावं, तिकडे टेलिफोनचीच तार आहे. घरमालकाची नळी आणि कंपनीची तार यांतला फरक पडण्यापूर्वी समजून घ्यावा. आणि वर्षभर आधी सूचना द्यावी, म्हणजे लाकूड वाळवून ठेवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक टक्क्यातली एक ग्राहक

ता. क. सासूबाई परभणीला परत गेल्या. तिकडून विचारतात, इन्व्हर्टर घेतला का. त्यांना काय सांगायचं ते आम्ही बघून घेऊ. आपण आपला खुलासा, पानांच्या स्वरूपात, मुदतीत पाठवावा.